हस्ताचा पाऊस उघडला की

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पुष्कळ जण पावसाळाभर काहीच पेरत नाहीत. रान मोकळं ठेवायचं, पाऊस झाला की कुळवायचं आणि पडेल ते पाणी जमिनीच्या पोटात जिरवायचं. त्या ओलीवर पुढं चार महिने शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, उभा राहतो. म्हणून आमच्याकडं वर्षाची खरी धांदल भाद्रपद सरताना सुरू होते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा एवढाच महिना हातात असतो. आधी पेरलं तर खोडमाशी पोंगे, म्हणजे रोपांचे मधले कोंब, मारते, मागं राहिलं तर ऑक्टोबरच्या उन्हात ओल उडून जाते. पाऊस उघडायची वाट बघत बसण्यापेक्षा तयारी आधीच झालेली बरी.

पहिलं काम बियाण्याचं. मालदांडी ही आमची ज्वारीची जात, घरची असो की विकतची, उगवण तपासल्याशिवाय चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या वाडग्यात, जाऊ देऊ नये. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत 100 दाणे मांडायचे, गुंडाळी करून घरात सावलीला ठेवायची आणि रोज पाण्याचा हात फिरवायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे. 75 च्या वर निघाले तर निर्धास्त पेरावं. थोडे कमी भरले तर बी वाढवावं, फारच कमी असतील तर दुसरं बी शोधावं. त्यासाठीच हे आठवडाभर आधी करायचं. एका वर्षी पिशवीवरच्या छापावर विश्वास ठेवून मी तसंच पेरलं. तासांत, म्हणजे पेरलेल्या ओळींत, हातहातभर मोकळ्या जागा पडल्या आणि दुबार पेरायला ओल उरली नव्हती. तेव्हापासून गोणपाट चुकवलेलं नाही.

पेरायचं बी एकरी चार किलो पुरतं. कणसात काणी, म्हणजे दाण्यात काळी भुकटी भरणारा रोग, येऊ नये म्हणून किलोला 4 ग्रॅम बारीक गंधक चोळावं. पेरणीच्या दिवशी अ‍ॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, प्रत्येकी किलोला 25 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून लावावं आणि बी सावलीत सुकवावं. क्रम उलटा करू नये. उन्हात तर अजिबात वाळवू नये, जिवाणू मरतात.

पाभर, म्हणजे पेरणीचं बैली अवजार, वर्षभर छपरात पडून असते, तिला पेरणीच्या सकाळी हात लावणं म्हणजे दिवस घालवणं. फण झिजलेत का, फाळ हलतात का ते बघावंच, पण खरी नजर नळ्यांत घालावी. कुंभारीण माशी हटकून तिथंच मातीचं घर करते. वरून चाडं साफ दिसतं, बी पडल्याचा आवाजही येतो, आणि खाली एक तास रिकामाच जातो. प्रत्येक नळीतून तार घालून मूठभर दाणे वरून सोडून बघावेत. खाली सगळे मोजून मिळाले पाहिजेत.

वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघायला यंत्र लागत नाही. चार बोटं खालची माती मुठीत दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. पचकन बसला तर एक दिवस थांबावं, फुटून मोकळा झाला तर बैल जुंपावेत.

घरातली कामं याच दिवसांत बसवायची असतात. घट बसायच्या आत दसरा काढायचा, म्हणजे घरातलं झाडून सगळं धुणं उरकायचं. वाकळा भिजल्या की दोघांनाही उचलत नाहीत, म्हणून चांगलं ऊन बघून ओढ्याला पाणी आहे तोवर न्याव्यात. विरलेली वाकळ टाकू नये, तिच्यावर जुनं लुगडं घालून दुपारच्या निवांत वेळी दोरा घालायला बसावं. घटाला माती आपल्याच रानातली आणि बीही घरचंच घ्यावं. आमची आई घट उठवताना आधी ज्वारीचे कोंब निरखायची, मगच ते आमच्या टोप्यांत खोवायची. बियाण्याची तेवढी दुसरी परीक्षा व्हायची.

जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचून घ्यावी. कडब्याच्या गंजीत किंवा सरपणात हात घालण्याआधी काठीने आपटून घ्यावं. या दिवसांत घोणस अशाच जागी पडून असते. रात्री पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच.

कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळात पहाटे काकडा असतो. पेरणीच्या दमानंतर मला हा महिना फार प्रिय. पखवाज आठ दिवस आधीच काढावा, वाद्या आवळून घ्याव्यात. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक रोज ताजीच लावावी लागते. ती घट्ट झाली तर नाद कोरडा येतो, सैल झाली तर घसरते. लोण्याइतकी मऊ मळून पानाएवढा गोल थापावा. पंढरपूर इथून जवळच, त्यामुळं एकादशीला निम्मं गाव तिकडं जातं. त्या दिवसांसाठी दुसरा वाजवणारा तयार ठेवावा, कुणी पोरगं शिकत असेल तर त्यालाच बसवावं.

पोरांच्या किल्ल्याला माती आधीच आणून चाळून द्यावी. अळीव दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी पेरले की गड हिरवा होतो.

आणि गोफण. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, आत्ताच आल्यात, संध्याकाळी त्यांचे थवे रानावरून वळसे घेतात ते बांधावर बसून बघावेत. सध्या त्या नाकतोडे टिपतात, म्हणून हाकलू नयेत. कणसं भरली की मात्र त्या ज्वारीवर उतरतील. तोवर अंबाडीचा वाख भिजवून वळत बसावं. मधे दगड बसेल एवढी जाळी, एका टोकाला बोटात अडकवायचं कडं, दुसरं टोक मोकळं. एक आपल्या मापाची आणि एक पोराच्या, त्याच्या हाताने मोजून.