बँडच्या मागे बेंगळूर-पुणे-मुंबई: बेळगावकरांसाठी तयारीची यादी

बँडची टूर जाहीर झाली की सगळे आधी तिकिटाच्या मागे लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या माणसाने उलटीकडून सुरुवात करावी. कार्यक्रम संपल्यावर रात्री घरी कसं यायचं, हे आधी ठरवा. आपल्याकडे मोठे बँड येत नाहीत, आपण त्यांच्याकडे जातो, आणि फजिती होते ती बहुतेक वेळा येताना. जाताना उशीर झाला तर फार तर सुरुवातीची दोन गाणी हुकतात. येताना गाडी चुकली तर रात्र सर्व्हिस रोडवर काढावी लागते.

तरी आपली जागा तशी नशिबाची. पुणे साधारण ३४० किलोमीटर, बेंगळूर ५०० च्या आसपास, मुंबई पाचशेला थोडी कमी, आणि गोवा चोर्ला घाटातून सव्वाशे. पुणे-बेंगळूर हायवेच्या मधोमध बसल्यामुळे टूर आपल्या दारावरूनच जाते. २०२६ च्या जानेवारीत लिंकिन पार्कने २३ ला बेंगळूर आणि २५ ला मुंबई अशा तारखा लावल्या. लांबच्या गावच्या चाहत्याला अशा वेळी मधला दिवस परगावी हॉटेलात काढावा लागतो. बेळगावकर शनिवारी सकाळी घरी उतरतो, कपडे धुतो, झोपतो आणि रात्री पुन्हा बसमध्ये चढतो. तारखा आल्या की आधी कॅलेंडर घेऊन बसा आणि अशा जोड्या शोधा. दोन शहरं पुरेत. तिसऱ्यासाठी विमान लागतं आणि खिसाही तेवढा लागतो. इंजिनिअरिंग कॉलेजवाल्यांनी व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची) ८५ टक्के हजेरी डोक्यात ठेवूनच दिवस मोजावेत.

जाहीर झालेली तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये मेटॅलिकाचा गुडगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला आणि दोन दिवसांनी बेंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर तोच बँड व्यवस्थित वाजला. तारखा वाढतातही. २०२५ च्या जानेवारीसाठी कोल्डप्लेचे नवी मुंबईत आधी दोन कार्यक्रम होते. विक्रीच्याच दिवशी तिसरा वाढला, पुढे अहमदाबादचेही आले. म्हणून पहिल्या दिवशी तिकीट हुकलं तर दलालाकडे धावू नका, दोन-तीन आठवडे थांबा. कोणी पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट विकत असेल तर तो त्याने आणखी किती जणांना विकलाय, कळायला मार्ग नाही. गेटवर जो आधी स्कॅन होतो तो आत जातो, बाकीचे बाहेर भांडत बसतात.

विक्रीच्या दिवशी अ‍ॅपमध्ये आदल्या रात्रीच लॉगिन करून ठेवा. नाव, मोबाइल नंबर, ईमेल भरलेले हवेत. ऑनलाइन रांगेत शिरल्यावर पान रिफ्रेश केलं तर बऱ्याचदा नंबर शेवटी जातो. चार मित्रांनी चार वेगळ्या खात्यांवरून रांग धरावी आणि कोणाला आधी लागलं की किती तिकिटं काढायची, स्टेडियममधल्या कुठल्या स्टँडची, जास्तीत जास्त किती रुपयांची, हे आधी ठरलेलं असावं. पेमेंटला मिळतात मोजकी मिनिटं. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चा सुरू झाली की तिकिटं गेलीच म्हणून समजा. यूपीआयची दिवसाची मर्यादा बहुतेक बँकांत १ लाखापर्यंत असते, पण नव्या फोनवर किंवा नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिला दिवस ती बरीच कमी असते. ऐन विक्रीच्या आठवड्यात फोन बदलू नका.

आता प्रवास. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि मोठ्या कार्यक्रमाची तारीख साधारण त्याच्याही आधी कळलेली असते, म्हणजे हाताशी वेळ आहे. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकाच दिवशी काढायचा हट्ट नको, येण्याचा ६०वा दिवस वेगळा पडतो. तत्काळ आदल्या दिवशी, एसीसाठी सकाळी १० ला आणि बिगरएसीसाठी ११ ला. आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं नसेल तर ऑनलाइन तत्काळ विसरा. बेंगळूरची वंदे भारत पहाटे बेळगावहून सुटते आणि दुपारी पोचते. संध्याकाळच्या कार्यक्रमाला ती अगदी सोयीची, फक्त बुधवारी ती नसते. परतीला मात्र ती दुपारी बेंगळूर सोडते, म्हणजे एक रात्र तिथे राहणं आलं. पुण्याची वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस, तेव्हा वार जुळतोय का ते आधी बघा. परतीची रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस कार्यक्रमाच्या रात्रीच पकडायची असेल, तर मैदान ते स्टेशन हे अंतर बेंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये मोजा, नकाशावर नको.

इथे एक नियम कामी येतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सण-उत्सवांसाठी. म्हणून मैदानावरचे मोठे कार्यक्रम दहाच्या आत आटोपतात. तिथून बाहेर पडायला ४५ मिनिटं ते सव्वा तास धरा. साडेअकराच्या आतली कुठलीही गाडी जुगार आहे. बसचं पिकअप साडेअकरानंतरचं असेल तरच बुक करा.

बसच्या बाबतीत खरी मेख आहे ती चढण्या-उतरण्याच्या ठिकाणात. बेळगावची बस बेंगळूरमध्ये नेलमंगलावरून तुमकूर रोडने शिरते. कार्यक्रम मादावरच्या प्रदर्शन मैदानाच्या बाजूला असेल तर मॅजेस्टिकपर्यंत, म्हणजे मुख्य बसस्थानकापर्यंत जाऊन परत उलटं यायचं कारण नाही. यशवंतपूर किंवा दासरहळ्ळीला उतरा, तिथेच कुठे तरी दिवसापुरती खोली घ्या आणि ग्रीन लाइनच्या मेट्रोने शेवटच्या स्टेशनला, मादावरला जा. परतताना मॅजेस्टिकहून सुटलेली तीच बस गोरगुंटेपाळ्या, जालहळ्ळी क्रॉस असं करत त्याच रस्त्याने बाहेर पडते, तेव्हा पिकअप तिथलं घ्या. कार्यक्रम पॅलेस ग्राउंड्सवर असेल तर मेखरी सर्कलला रिक्षा शोधत उभं राहू नका, गर्दीपासून किलोमीटरभर चालत जा आणि मग गाडी बोलवा. शहराच्या पूर्वेला, व्हाइटफील्डकडे असेल तर त्याच रात्री परतायचा विचारच सोडा.

पुण्यात बालेवाडीला कार्यक्रम असला तर आपली चांदी. मुंबईकडे जाणाऱ्या बेळगावच्या बस बायपासने जातात, चांदणी चौक किंवा वाकडला उतरता येतं. परतीला मुंबईहून संध्याकाळी सुटलेल्या बस साधारण मध्यरात्रीच्या सुमारास वाकडला येतात. चूक होते ती बाजूची. कोल्हापूरकडे जाणारी बस हायवेच्या पलीकडून जाते, आणि माणूस अलीकडच्या सर्व्हिस रोडवर उभा राहून ड्रायव्हरला फोन लावत बसतो. उजेड असतानाच पिकअपची जागा बघून ठेवा, जवळचं दुकान किंवा पेट्रोल पंप लक्षात ठेवा, रात्री हायवे ओलांडायला जाऊ नका. खराडी-नगर रोडकडच्या कार्यक्रमाला मात्र स्वारगेट किंवा कात्रज गाठावं लागतं, त्याला रात्रीसुद्धा तासभर धरा. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम सायन-पनवेल मार्गाला लागूनच आहे. बेळगावची मुंबई बस नेरूळला सोडते. महालक्ष्मी रेसकोर्सला जायचं तर लोकलचं महालक्ष्मी स्टेशन जवळ, आणि तिथून परतताना सायन किंवा चेंबूरचं पिकअप बरं पडतं.

स्वतःची गाडी काढायची तर चालवणारा माणूस कार्यक्रमाला न आलेला, दिवसा झोपलेला हवा. चार तास उभं राहून, ओरडून झाल्यावर खंबाटकी घाट उतरणं हे शौर्य नव्हे. सातारा ते कागल रस्त्याचं रुंदीकरण चालू आहे, डायव्हर्जन बरीच आहेत, त्याला तासभर जास्तीचा ठेवा. फास्टॅग आदल्या दिवशी भरा.

गोव्याला अंतर कमी म्हणून लोक गाफील राहतात. चोर्ला घाटात बऱ्याच पट्ट्यात फोनला रेंज नसते, पावसाळ्यात रस्त्याचे हाल असतात आणि धुकं असलं तर वेग वीसवर येतो. कणकुंबीला तपासणी नाका आहे. गोव्यातली बाटली परमिटशिवाय सीमेपार आणणं गुन्हा आहे, एक असली तरी. जागरणानंतर पोलिसांशी कन्नडमध्ये हुज्जत घालायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

सीमाभागाची म्हणून एक वेगळी नोंद. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बस सीमेवरच थांबतात. कर्नाटकची निपाणीपर्यंत, महाराष्ट्राची कागल-कोल्हापूरपर्यंत. २०२२ च्या डिसेंबरमध्ये आणि २०२५ च्या फेब्रुवारीत हेच झालं. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास आणि बेळगावात विधानसभेचं हिवाळी अधिवेशन असताना पुण्यामुंबईकडे जायचं तर रेल्वेचं तिकीट हाताशी ठेवा, गाड्या सहसा चालू राहतात. अशा दिवसांत केए-२२ किंवा केए-२३ ची गाडी घेऊन पलीकडे जाऊ नये, आणि एमएच-०९ घेऊन अलीकडे येऊ नये. मुलींनी लक्षात ठेवायचं, शक्ती योजनेचा मोफत प्रवास कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसपुरता. पुण्याच्या गाडीत तो चालत नाही.

सॅक लहान घ्या. बहुतेक ठिकाणी ए-फोर कागदाएवढीच पिशवी आत सोडतात आणि मोठी ठेवायला क्लोकरूम असेलच असं नाही. मोठं सामान खोलीवर किंवा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये. छत्री, सेल्फी स्टिक, भिंग बदलता येणारा कॅमेरा, परफ्यूमची बाटली, डबा, पाण्याची बाटली, हे गेटवर काढून घेतात. पावसाला छत्रीऐवजी घडीचा रेनकोट. पॉवरबँक १०,००० एमएएचची पुरते, पण काही कार्यक्रमांत तीही बंद असते, यादी वाचूनच घ्या. बूट बंद आणि जुने, चप्पल घातली तर पहिल्याच गाण्याला पायाचं बोट जातं. मोज्यांचा जादा जोड बसमध्ये बदलायला. खिशात शंभर-दोनशेच्या नोटा मिळून हजारेक रुपये, कारण एका मैदानात चाळीस हजार फोन उघडले की यूपीआय फिरत बसतं. त्याच कारणाने तिकीट अ‍ॅपमध्ये आधीच डाउनलोड करा. काही तिकिटांचा क्यूआर दर काही सेकंदांनी बदलतो, त्याचा स्क्रीनशॉट गेटवर चालत नाही. चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवा. ‘स्टेजजवळ’ ही जागा नव्हे. डावीकडच्या दुसऱ्या लाइट टॉवरखाली, ही जागा.

तिकीट म्हणून मनगटाचा पट्टा घरपोच आला तर घरी गंमत म्हणून घालू नका, त्याचं लॉक एकदाच सरकतं आणि मागे येत नाही. घालताना एक बोट मावेल एवढी जागा ठेवा. कापलेला पट्टा गेटवर बाद.

पोटासाठी दुपारी तीनच्या आत नीट जेवून घ्या. बसमध्ये दशम्या, शेंगाचटणी आणि चिरमुऱ्यांचा पुडा असला की ढाब्याच्या थांब्यावर अवलंबून राहावं लागत नाही. ओआरएसची मोठी पुडी १ लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलीसाठी. मोठी पुडी पेलाभर पाण्यात ओतली तर उलट उलटी होईल. उभं राहायचंय म्हणून पाणीच न पिणारे सातच्या सुमारास चक्कर येऊन पडतात आणि बॅरिकेडवरून बाहेर उचलले जातात. हातातली जागाही जाते ती जातेच.

जागेबद्दल जाणकारांचं मत बहुतेक एकच. दोन कार्यक्रम बघणार असाल तर पहिला पुढून बघा, दुसरा मिक्सिंग कन्सोलच्या जरा पुढे उभं राहून. साउंड इंजिनिअर जिथे बसतो तिथल्या कानाने आवाज जुळवलेला असतो. अगदी पुढे सबवूफरचा (खालच्या पट्टीच्या मोठ्या स्पीकरचा) धक्का छातीत बसतो आणि गाणाऱ्याचे शब्द विरतात. परदेशी बँड शहरागणिक गाणी फारशी बदलत नाहीत, म्हणून दुसऱ्या वेळी ऐकायचं ते वाजवणं. टी-शर्ट घ्यायचा तर आत शिरल्या शिरल्या घ्या. शेवटी एक्सएल आणि एक्सएस एवढेच उरतात.

कानांचे बोळे हा यादीतला सर्वात स्वस्त आणि सर्वात टाळला जाणारा जिन्नस. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल ८ तासांपर्यंत सुरक्षित धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटंच. रॉकच्या मैदानात पुढच्या रांगांत आवाज त्याच्यावरच असतो आणि कार्यक्रम दोन तासांचा. फोमचे बोळे मेडिकलमध्ये मिळतात, पण घालण्यात चूक होते. बोटांनी पिळून बारीक सुरळी करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढा, बोळा सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. अर्धवट बाहेर राहिला तर आवाज जेमतेम अडतो आणि माणूस ‘याचा काही उपयोग नाही’ म्हणून फेकून देतो. फोमने वरच्या पट्टीचा आवाज जास्त कापला जातो, झांजा दबल्यासारख्या वाटतात. ज्यांना वाजवणं नीट ऐकायचंय त्यांनी वादकांसाठीचे फिल्टरचे बोळे घ्यावेत, ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या कमी करतात. ते गळ्यातल्या दोरीसकट घ्या, नाही तर उड्या मारताना एक जातोच. परतल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली आणि दोन दिवसांत थांबली नाही किंवा एका कानाने कमी ऐकू आलं, तर पुढच्या टूरची वाट न बघता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. अशा दुखण्यात पहिल्या काही दिवसांतल्या उपचाराचाच उपयोग होतो.