बांगडे-तिसऱ्यांच्या बेताची तयारी

मासे शिजायला १०-१५ मिनिटं पुरतात. बेत बिघडतो तो त्याआधीच्या चार तासांत. चार माणसांसाठी तिरफळं (कोकणातलं उग्र वासाचं मसाल्याचं फळ) घातलेलं बांगड्याचं कालवण, तळलेले बांगडे आणि तिसऱ्यांचं, म्हणजे खायच्या शिंपल्यांचं, सुकं करायचं असेल आणि दुपारी एकला पानं वाढायची असतील, तर तयारी आदल्या रात्री सुरू होते.

रात्रीच दोन नारळ, १५-१६ आमसुलं, बेडगी मिरच्या, धणे, तिरफळं, मालवणी मसाला, तांदळाचं पीठ आणि बारीक रवा घरात आहे ना ते पाहून घ्या. फ्रीजरमध्ये बर्फ लावा. पाहुण्यांपैकी कुणाला तिसऱ्या-कोळंबी सोसत नसेल तर तेही आजच विचारा. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा बाजारातला बांगडा बहुधा बर्फातला, जुना असतो. अशा दिवसांत हा बेत पुढे ढकललेला बरा.

सकाळी आठला बाजारात जाताना झाकणाचा डबा आणि बर्फ सोबत हवाच. बांगडा उबेत पडून राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते उकळून किंवा तळून जात नाही. जेवल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, ते यामुळेच. म्हणून बांगडा सगळ्यात शेवटी घ्यायचा आणि थेट घरी यायचं. मध्यम आकाराचे ६ बांगडे, साधारण किलोभर, पुरतात. डोक्याकडून आडवा धरल्यावर मासा ताठ राहिला पाहिजे, डोळे फुगीर आणि कल्ले लाल हवेत. पोट फुटलेला बांगडा कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

तिसऱ्या ५०-६० घ्या. मिटलेल्याच निवडा, एखादी किंचित उघडी असेल तर टिचकी मारून बघा. जिवंत असेल तर मिटते, नाही मिटली तर टाका.

घरी आल्यावर पहिलं काम तिसऱ्यांचं. पसरट भांड्यात १ लिटर पाण्याला २ मोठे चमचे मीठ या प्रमाणात खारं पाणी करून त्यात त्या अडीच-तीन तास ठेवा. नुसत्या गोड्या पाण्यात त्या तोंड मिटून बसतात, रेती सोडत नाहीत. वेळ झाल्यावर भांडं चाळणीवर उपडं करू नका, नाहीतर तळाशी बसलेली रेती पुन्हा अंगावर येते. हाताने उचलून दुसऱ्या पाण्यात घाला आणि एकेक तिसरी अंगठ्याने दाबून दोन्ही शिंपा आडव्या सरकवून पाहा. जी सरकून उघडते तिच्यात मांसाऐवजी चिखल भरलेला असतो. एवढी एक तपासणी कधीही चुकवू नये, कारण असली एकच तिसरी पातेल्यात गेली तर अख्खं सुकं करकरीत होतं. मग अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. पकड सैल पडते आणि विळीवर सहज उघडतात. उघडताना खाली वाडगा हवा. मांस एका शिंपेत राहू द्या, रिकामी शिंप टाका. वाडग्यातलं पाणी निवळून, फडक्यातून गाळून ठेवा. सगळी चव त्यात असते आणि मीठही, म्हणून सुक्यात मीठ शेवटी चव बघूनच घालायचं.

तिसऱ्या पाण्यात आहेत तोवर बांगडे. कल्ले आणि आतडी काढल्यावर पोटातली पातळ काळी कातडी अंगठ्याने घासून काढा, कण्याला चिकटलेली रक्ताची रेघही खरवडा. कालवण कडवट लागतं ते बहुतेक वेळा या दोन गोष्टींमुळे. दोन बांगड्यांच्या तुकड्या करा, चार अख्खे ठेवून दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरके काप द्या. कापल्यावर पाण्यात भिजत ठेवू नका. झाकून, बर्फावर, फ्रीजमध्ये.

साडेअकराला वाटण. कालवणासाठी दीड वाटी खवलेला नारळ, कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवलेल्या ८-१० बेडगी मिरच्या, १ मोठा चमचा धणे, अर्धा चमचा हळद आणि अर्धा कांदा अगदी गंधासारखं वाटा. भरड राहिलं की चोथा खाली आणि पाणी वर. यात आलं-लसूण नको, तिरफळाचा वास मरतो. तिरफळं ८-१०, काळी बी काढून टाका, साल नुसती ठेचा. सुक्यासाठी वाटीभर नारळ वेगळा. उरलेल्या नारळाची सोलकढी.

बाराला अख्ख्या बांगड्यांना मीठ, हळद आणि १ चमचा कोकमाचं आगळ (खारवलेला घट्ट रस) लावा. २० मिनिटांनी सुटलेलं पाणी ओतून द्या, मगच तिखट आणि आलं-लसूण. हे पाणी राहिलं तर पीठ तव्यावरच सुटून येतं.

साडेबाराला चूल. कालवण मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात. ॲल्युमिनियमला आमसुलाचा आंबटपणा बाधतो. वाटणात पाणी घालून ५-७ मिनिटं उकळा, मग मीठ, ६ आमसुलं, तिरफळं आणि तुकड्या. मंद आचेवर ७ मिनिटं. डाव फिरवू नका, भांडंच हलवा. उतरवल्यावर चमचाभर कच्चं खोबरेल. शेजारी दोन कांदे परतून, आलं-लसूण, २ चमचे मालवणी मसाला, तिसऱ्या आणि त्यांचं गाळलेलं पाणी. ५ मिनिटांत नारळ आणि ४ आमसुलं. जास्त शिजल्या तर तिसऱ्या रबरासारख्या होतात. बांगडे शेवटी: तीन वाट्या पिठाला एक वाटी रवा या मापाचं मिश्रण लागेल तेवढंच घेऊन त्यात घोळवा आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर मध्यम आचेने एका बाजूने ४-५ मिनिटं तळा. कड आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावू नका.

कालवण उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. रात्री ते जास्त मुरलेलं लागतं. सुकं मात्र दुपारीच संपवा. शिंपा आणि आतडी कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून कचऱ्याची गाडी येईपर्यंत फ्रीजरच्या कोपऱ्यात ठेवली की घरात वास राहत नाही.