कॉलेजच्या वेटिंग लिस्टवर नाव आहे? या चुका टाळा

गणपतीला कोकणात जाणाऱ्या मुंबईकराला ‘वेटिंग’ म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. चार्ट लागेपर्यंत जीव टांगणीला असतो, पण तिकीट कन्फर्म झालं की मोबाइलवर मेसेज येतो आणि आपण फक्त बॅग उचलायची असते. कॉलेजची वेटिंग लिस्टही अशीच चालते असं धरून कित्येक घरं निवांत बसतात आणि तिथेच फसतात. कॉलेजात नाव वर सरकलं म्हणून सीट आपोआप मिळत नाही. दिलेल्या मुदतीत कागद दाखवून फी भरली तर ती तुमची. नाही भरली तर खिडकी बंद होताना पुढच्या नावावर खूण होते.

मी दादर-माटुंग्याच्या पट्ट्यातल्या एका डिग्री कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचे २१ हंगाम काढले, खिडकीच्या आतल्या बाजूने. बाहेरून जे दिसत नाही, ते इथे लिहिते.

नुसता नंबर बघून हुरळणं, किंवा खचणं

“मॅडम, वेटिंग १८ आहे. होईल ना?” हा प्रश्न मी किती वेळा ऐकला त्याला गणती नाही. खरं उत्तर असं, की तुमचा १८ नंबर किती सरकणार हे तुमच्या मार्कांवर नाही, पुढची मुलं कुठे जाणार यावर ठरतं.

बीएस्सीचं बघा. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मेला लागला. डिग्री कॉलेजांच्या याद्या त्यानंतर लगेच सुरू होतात. पण एमएचटी-सीईटीचा पीसीएम ग्रुपचा निकाल आला १६ जूनला, आणि इंजिनीअरिंगच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या त्याच्याही पुढे. मेडिकलवाले आणखी नंतर हलतात. म्हणजे जूनमध्ये बीएस्सीच्या बाकावर बसलेली बरीच मुलं मनाने तिथे नसतातच. ती जुलै-ऑगस्टमध्ये उठतात, तेव्हा तुमची यादी सरकते. आर्ट्सचं तसं नाही. तिथली मुलं एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जातात, आणि ती हालचाल यादी लागल्यावर चार-पाच दिवसांत आटोपते. बीएमएस, बीबीए, बीसीए या कोर्सना २०२४ पासून वेगळी सीईटी आली, त्यामुळे त्या जागांचं गणितही वेगळं झालं. थोडक्यात, १२० सीटच्या बीएस्सीत वेटिंग ४० असलेला मुलगा कधीकधी ६० सीटच्या सेल्फ-फायनान्स कोर्सात वेटिंग ६ असलेल्या मुलीपेक्षा सुखात असतो.

दुसरं, तो नंबर कुठल्या यादीतला आहे ते बघा. ओपन, एससी, एसटी, ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस, सगळ्यांच्या याद्या वेगळ्या. मुंबईत त्यात मायनॉरिटी कोट्याची भर. केसी आणि जयहिंद सिंधी भाषक अल्पसंख्याक, मिठीबाई गुजराती, झेवियर्स ख्रिश्चन. तिथल्या निम्म्या जागा आपल्यासारख्यांसाठी नसतातच. मग १२० ऐकून हिशोब मांडायचा कशाला?

खिडकीवर विचारायचा प्रश्न असा: “माझ्या कॅटेगरीत गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश वेटिंगच्या कितव्या नंबराला झाला?” हा आकडा क्लार्ककडे असतो. नीट विचारलंत तर सांगतोही.

हातातली सीट सोडून वाट बघणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एका वर्षी डोंबिवलीची एक मुलगी आमच्याकडे वेटिंग ९ वर होती. घराजवळच्या कॉलेजात तिचं नाव पहिल्या यादीत लागलं होतं, पण वडील हट्टाला पेटले. “दोन-दोन ठिकाणी फी कशाला भरायची?” त्यांनी तिथली मुदत जाऊ दिली. आमची यादी ७ वर थांबली. शेवटी तिला प्रवेश मिळाला तो टिटवाळ्याच्या पुढे. रोज उलटा प्रवास. वडील पुढे दोनदा येऊन गेले. भांडायला नाही, नुसते बसायला.

फी बुडेल ही भीती निम्म्याहून अधिक वेळा फुकाची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा, २०१८ चा नियम सरळ आहे. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यातून प्रोसेसिंगपोटी ५ टक्के आणि तेही ५ हजारांपेक्षा जास्त कापता येत नाहीत. १५ पेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि नंतर काही नाही. काही वर्षी आयोग याहून सैल सवलत देतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केलेल्या प्रवेशांची पूर्ण फी परत करायला सांगितलं होतं. त्या-त्या वर्षीचं परिपत्रक काढून जवळ ठेवा. खिडकीवर “रिफंड मिळत नाही” असं उत्तर आलं, तर आवाज चढवण्यापेक्षा तो कागद पुढे सरकवलेला बरा.

याच्या उलटी चूकही होते. दुसरीकडे “होतंय” एवढं फोनवर ऐकून पहिला प्रवेश रद्द करायचा. आधी नव्या कॉलेजची फी भरल्याची पावती हातात, मग जुन्या कॉलेजात रद्द करण्याचा अर्ज. हा क्रम मोडू नका. अडचण एकच, एलसी, म्हणजे शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला. मूळ दाखला एकच असतो आणि तो जुन्या कॉलेजात जमा असतो. नव्या कॉलेजात हमीपत्र देऊन दोन-चार दिवसांची मुदत मागा, बहुतेक ठिकाणी मिळते. बाकीच्या मूळ मार्कशीट आणि सर्टिफिकेटं मात्र तपासून परत द्यायची, अडकवून ठेवायची नाहीत, हेही त्याच २०१८ च्या नियमात आहे.

एक सावधानता: अकरावी आणि इंजिनीअरिंगला हे असं चालत नाही. तिथे वेटिंग नसतं, फेऱ्या असतात. अकरावीला पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि घेतलं नाहीत, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. इंजिनीअरिंगला २०२५ पासून पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं की ते घ्यावंच लागतं, बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरची पसंती मागायची सोय, नाही. डिग्री कॉलेजचा शहाणपणा तिथे वापरून पसंतीक्रम भरणारे पालक मी घरातच पाहिलेत.

फॉर्मवर भलत्याचाच फोन आणि ईमेल

माझ्या भाच्याचीच गोष्ट. फॉर्म सायबर कॅफेत भरला आणि कॅफेवाल्याने सवयीने स्वतःचा ईमेल टाकला. वेटिंगमधून नाव आल्याचं मेल त्या कॅफेच्या इनबॉक्सात तीन दिवस पडून होतं. मी स्वतः दुसऱ्या कॉलेजात हेच काम करत होते, तरी घरच्या मुलाचा फॉर्म बघितला नाही. ताई अजून टोमणे मारते.

फॉर्मची प्रिंट काढा आणि नंबर मोठ्याने वाचा. चूक असेल तर ऑफिसात लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या, तोंडी सांगून होत नाही. अनोळखी नंबरचे फोन कापायची सवय महिनाभर बाजूला ठेवा. कॉलेजचा फोन लँडलाइनवरून येतो आणि लोकांना तो क्रेडिट कार्डवाल्यांचा वाटतो. गावी जाणार असाल, तर मुंबईत कुणाकडे तरी सही केलेलं अधिकारपत्र आणि कागदांचा संच ठेवून जा. देवरुखहून रातोरात निघून सकाळी दहाला खिडकीवर उभे राहिलेले मामा मी पाहिलेत. पण भर पावसात घाटात दरड कोसळली तर काय करणार?

“कागद काय, मिळतीलच”

नॉन-क्रीमीलेअर सर्टिफिकेट ३१ मार्चला संपतं. जुनं घेऊन जूनमध्ये येणारे दर वर्षी असतात, आणि त्यांचं नाव वेटिंगमधून वर आलेलं असूनही जातं. उपनगरवाल्यांना वांद्रे पूर्वेचं जिल्हाधिकारी कार्यालय, शहरवाल्यांना फोर्टचं ओल्ड कस्टम हाउस. निकालानंतर दोन्हीकडे उभं राहायला जागा नसते. अर्ज आपले सरकार पोर्टलवर एप्रिलमध्येच टाका.

ओळखी आणि एजंट

नगरसेवकाचं पत्र, आमदारांच्या पीएचा फोन, ट्रस्टींचे शेजारी. हे सगळं फाइलला लागतं आणि फाइल कपाटात जाते. एवढ्यापर्यंत ठीक. पण गेटबाहेर भेटणारा “आतून करून देतो” माणूस पैसे मागत असेल, तर ते डोनेशन राज्यात १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे. त्याची पावती मिळत नाही, म्हणून परतही मिळत नाही. बरेचदा तो काहीच करत नसतो. यादी आपल्या गतीने सरकते, नाव लागलं की श्रेय त्याचं.

रोज फोन, चुकीच्या वेळी

ऑफिसात फोन उचलत नाहीत त्याला माज म्हणतात. असतोही कधीकधी. पण जूनमध्ये एका टेबलावर दोन माणसं, एक फोन आणि समोर रांग असते. रोज विचारून काही हलत नाही, कारण मुदत संपेपर्यंत आम्हालाही किती जागा उरणार ते ठाऊक नसतं. जायचं ते फी भरण्याची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, अकराच्या सुमारास. तेव्हा न भरलेल्या जागांची मोजणी झालेली असते आणि पुढच्या नावांना फोन लावायला घेतलेले असतात. फोन न लागलेल्या मुलाच्या पुढचा मुलगा समोर उभा असेल, तर काय होतं ते मी लिहायला नको.

तिसरी यादी लागून गेली आणि नाव नाही, तरी साध्या कागदावर अर्ज द्या: नाव, फॉर्म नंबर, कॅटेगरी, वेटिंग नंबर, “जागा रिक्त झाल्यास विचार व्हावा”. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर घ्या. तोंडी सांगून गेलेली मुलं आम्हाला आठवत नसत. ऑगस्टमध्ये इंजिनीअरिंगला गेलेल्यांच्या जागा मोकळ्या झाल्या की आम्ही आधी उघडायचो ती हीच आवक-फाइल.