मशीनचा तास कितीला पडतो? छोट्या कंत्राटदाराचा हिशेब

दहा टक्के नफा धरून घेतलेलं काम पुरं होतं, बिलही निघतं, आणि तरी सिमेंटवाल्याला द्यायला पैसे नसतात. बांधकामाच्या धंद्यात हे रोजचं आहे. कारणं बहुधा दोनच असतात. बिलातून काय कापलं जाणार आणि काय अडकणार, हे कोणी आधी मोजलेलं नसतं. आणि मशीन घरची म्हणून तिचा खर्च कुठल्याच साईटवर पडत नाही. आधी मशीनचं बघू, कारण ती चूक मोठी असते आणि वर्ष संपेपर्यंत दिसत नाही.

खालचे भाव एका छोट्या प्रोप्रायटर कंत्राटदाराच्या बेताने उदाहरणादाखल धरले आहेत. तुमच्या तालुक्यातले भाव घालून तेच गणित पुन्हा करा.

तासाचा दर

एका जेसीबीचं गणित मांडू. खर्चाचे दोन ढीग करा: मशीन चालली तरच होणारा, आणि उभी राहिली तरी होणारा.

चालली तर, दर तासाला:
- डिझेल ५ लिटर, ९२ रुपये दराने: ४६०
- ऑइल, फिल्टर, ग्रीस: ५०
- टायर, होज पाइप, बकेटचे दात, पिन-बुश: ११०
- घसारा: २०० (३२ लाखांची मशीन १०,००० तासांनंतर १२ लाखांना विकली जाईल, असं धरून)

बेरीज ८२० रुपये.

उभी राहिली तरी, दर वर्षाला:
- गुंतलेल्या पैशाचं व्याज: ३२ आणि १२ लाखांची सरासरी २२ लाख, त्यावर १० टक्के, म्हणजे २ लाख २० हजार
- विमा आणि कर: ६० हजार
- ऑपरेटरचा पगार आणि भत्ता, महिना २५ हजार: ३ लाख

बेरीज ५ लाख ८० हजार.

मशीनची किंमत जीएसटी सोडून धरली आहे, कारण त्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे ती रक्कम आपण भरायच्या जीएसटीतून वळती होते. ते क्रेडिट घेतलं की त्या रकमेवर आयकरात घसारा मागता येत नाही. दोन्ही घेऊ नका. डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे त्याचं क्रेडिट नाही आणि तो पूर्ण भावानेच धरायचा.

आता वर्षाला १,५०० तास काम मिळालं, तर उभ्या खर्चाचे तासाला ३८७ रुपये पडतात आणि एकूण दर १,२०७ होतो. ६०० तासच मिळाले, तर तोच दर १,७८७. बाजारात ऑपरेटर-डिझेलसकट भाडं १,२०० रुपये असेल, तर ६०० तासांवर स्वतःची मशीन वर्षाला ३ लाख ५२ हजारांनी महाग पडली. ही रक्कम कुठल्याही वहीत ‘तोटा’ म्हणून लिहिलेली सापडत नाही. ती साईटच्या नफ्यातून निघून जाते आणि आपण रेट कमी घेतला म्हणून हळहळतो.

घ्यावी की भाड्याने आणावी, याचं उत्तर एका भागाकारात आहे. भाड्याच्या १,२०० मधून चालता खर्च ८२० वजा करा, उरले ३८०. उभा खर्च ५,८०,००० भागिले ३८०, म्हणजे १,५२६ तास. पावसाचे तीन महिने सोडले, तर नऊ महिने, महिन्याला २५ दिवस, रोज जवळजवळ सात तास मीटर फिरला पाहिजे. एवढं काम हातात नसेल तर भाड्याचीच बरी. ‘उरलेला वेळ बाहेर भाड्याने देऊ’ हे म्हणायला सोपं आहे, पण मग तुमचे दोन धंदे होतात, आणि दुसऱ्या धंद्याची उधारी वसूल करायला वेगळा माणूस लागतो.

हप्ता म्हणजे खर्च नव्हे

तासाच्या दरात हप्ता घालू नका. ३० लाखांचं कर्ज, १० टक्के घटत्या शिलकीवर, ४८ महिने: हप्ता साधारण ७६,१०० रुपये, वर्षाला ९ लाख १३ हजार. वरच्या दरातून १,५०० तासांत घसारा आणि व्याजापोटी वसूल होतात ५ लाख २० हजार. मधले ३ लाख ९३ हजार, म्हणजे महिन्याला जवळपास ३३ हजार, कुठून येणार? मशीन फायद्यात असूनही चार वर्षं ही तफावत भरावी लागते, कारण मशीन सात वर्षं चालणार आणि बँक चार वर्षांत पैसे परत घेणार. ही सोय सही करण्यापूर्वी करायची.

फायनान्सवाला ‘सहा टक्के फ्लॅट’ (म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज) म्हणाला तर खूश होऊ नका. ३० लाखांवर चार वर्षांचं व्याज ७ लाख २० हजार, हप्ता ७७,५००. घटत्या शिलकीने बघितलं तर हा दर ११ टक्क्यांच्या आसपास जातो. दोन कोटेशनची तुलना नेहमी हप्ता, महिने आणि प्रोसेसिंग फी या तीन आकड्यांवरच करा. आणि जुलै ते सप्टेंबर हप्ता कमी, बाकी महिन्यांत जास्त, अशी बांधणी मिळते का ते विचारा. बऱ्याच जणांना हे विचारता येतं हेच माहीत नसतं.

डाउन पेमेंट कॅश क्रेडिट खात्यातून कधीही भरू नका. ते खातं माल आणि येणं यांच्या जोरावर चालतं. त्यातले सात लाख मशीनमध्ये अडकले की सळई घ्यायला पैसे उरत नाहीत, आणि बँक जुनी येणी धरत नाही म्हणून उचल मर्यादाही (खात्यातून काढता येणारी रक्कम) कमी होते.

लॉगबुक

रोज पाच गोष्टी लिहून घ्या: अवर मीटरचं (इंजिन किती तास चालू होतं ते मोजणारा) सकाळचं आणि संध्याकाळचं रीडिंग, साईट, काय काम झालं, किती लिटर डिझेल भरलं, किती वेळ कशामुळे थांबली. सही ऑपरेटरची आणि साईटवरच्या सुपरवायझरची, दोघांची.

आता इथे एक सापळा आहे. बहुतेक मालक लिटरला तासांनी भागतात, पाच लिटर आले की वही मिटतात. समजा मीटर आठ तास फिरला आणि ४० लिटर डिझेल गेलं. सरासरी बरोबर पाच. पण प्रत्यक्ष खोदाई पाच तास झाली असेल, तर त्याला २५ लिटर पुरतात. उरलेले तीन तास इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं तर तासाला दोनेक लिटर, म्हणजे सहा. एकूण ३१. नऊ लिटर गेले कुठे? दिवसाला ८२८ रुपये, २५ दिवसांत २०,७००. इंजिन रिकामं चालू ठेवलं की सरासरी सुधारते. म्हणून सरासरी एकटी काही सांगत नाही.

तासाबरोबर काम मोजा. नवीन साईटवर पहिल्या दिवशी स्वतः उभे राहा, सपाट जागेवर टाकी काठोकाठ भरा, चार तास खोदाई करून घ्या, पुन्हा काठोकाठ भरा आणि खड्डा टेपने मोजा. त्या मातीत तासाला किती ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) निघाले हा तुमचा मापदंड. पुढे आठवड्याचे ब्रास आणि तास ताडून बघा. मोजायचा तो खड्डा. डंपरच्या फेऱ्या मोजाल तर फसाल, कारण मुरूम खोदल्यावर फुगतो. नव्या मशीनमध्ये रिकामं चालल्याचे तास मोबाइलवर दिसतात. ते वापरा, वादच उरत नाही. आणि फरक निघाला की लगेच ऑपरेटरवर धावून जाऊ नका. चोक झालेला एअर फिल्टर किंवा गळकी डिझेल लाइनही असाच आकडा दाखवते.

दर शनिवारी लॉगबुकवरून प्रत्येक साईटच्या नावे मशीनचं भाडं टाका, तास गुणिले १,२०७. त्याच दिवशी देखभाल आणि टायरचे तासाला १६० रुपये वेगळ्या बचत खात्यात वळवा. टायर सांगून फाटत नाहीत. वर्षाअखेर साईटवर टाकलेलं भाडं मशीनच्या खऱ्या खर्चापेक्षा कमी भरलं, तर मशीनला पुरेसं काम नाही, एवढंच त्याचं भाषांतर.

भाड्याची मशीन आणताना फोनवर ठरवू नका. एका कागदावर चार ओळी: दिवसाचे किमान तास किती, ये-जा कोणाच्या माथी (पोकलेन असेल तर ती वाहून आणणाऱ्या लोबेड ट्रेलरचं भाडं), डिझेल कोणाचं, बिघाडाचा वेळ धरायचा की नाही.

सेंटरिंगचं भाडं दिवस खातं

लहान कामात मशीनपेक्षा सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतताना खाली लावायच्या भाड्याच्या प्लेटाच जास्त पैसे खातात. ३ × २ फुटांच्या प्लेटा धरल्या तर १,२०० चौरस फुटांच्या स्लॅबला २०० लागतात. प्लेट, जॅक आणि स्पॅन मिळून प्लेटमागे दिवसाला ४ रुपये धरले, तर रोजचे ८००. प्लेटा आल्या, पण सळई चार दिवस उशिरा आली, मग इलेक्ट्रिशियन पाइप टाकायला दोन दिवस आलाच नाही: ४,८०० रुपये गेले. त्यामुळे सळई कापून-वाकवून तयार झाल्याशिवाय प्लेटांची गाडी बोलवायची नाही.

उलट बाजूने, भाडं वाचवायला टेके (स्लॅबखालचे आधार) लवकर काढायचे नाहीत. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६ : २०००) साध्या पोर्टलँड सिमेंटला आणि १५ अंशांच्या वर तापमान असेल तर, साडेचार मीटरपर्यंत गाळ्याच्या (दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबचे टेके ७ दिवसांनी आणि त्याहून लांब गाळ्याचे १४ दिवसांनी काढायचे, बीमचे सहा मीटरपर्यंत १४, पुढे २१. तुमच्या साईटवर पीपीसीची (पोर्टलँड पॉझोलाना सिमेंट) गोणी असेल, तर त्याहूनही थांबावं लागतं. हे दिवस रेट काढतानाच भाड्यात धरा.

परत करताना प्लेटा गाडीत चढताना मोजा आणि चलनावर समोरच्याची सही घ्या. वाकलेल्या आणि हरवलेल्या प्लेटांची भरपाई महिन्याभराचं भाडं सहज गिळते.

दहा लाखांच्या बिलातून हातात किती?

सरकारी कामाचं एक रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाचं बिल घेऊ. काम १०,००,०००, जीएसटी १८ टक्के १,८०,०००. कपात अशी: अनामत (हमी म्हणून अडकवून ठेवलेली रक्कम) ५ टक्के, निविदेप्रमाणे बदलते, ५०,०००, आयकर टीडीएस (बिलातूनच कापलेला आगाऊ कर) १ टक्का १०,०००, जीएसटीचा टीडीएस २ टक्के २०,०००, कामगार उपकर १ टक्का १०,०००, आणि ४० ब्रास गौण खनिजाच्या (खडी, वाळू, मुरूम) रॉयल्टीच्या पावत्या जोडल्या नाहीत म्हणून ब्रासला ६०० प्रमाणे २४,०००. हातात आले १०,६६,०००.

मालावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट ९०,००० असेल, तर सरकारला भरायचे उरतात ९०,०००. त्यातले २०,००० टीडीएसमधून वळते होतात आणि ७०,००० रोख भरायचे. राहिले ९,९६,०००. दुकानदारांना आधी दिलेला ९०,००० जीएसटी वजा केला की ९,०६,०००. कामाचा खर्च ९ लाख. उरले सहा हजार.

खरा नफा ६६ हजार आहे, पण त्यातले ५० हजार अनामतीत आणि १० हजार आयकराकडे. यात निव्वळ मूर्खपणाने गेलेले पैसे म्हणजे रॉयल्टीचे २४ हजार. खडीवाल्याने ती भरून भावात लावलेलीच असते. पावती मागून घेतली नाही म्हणून आपण दुसऱ्यांदा भरतो. गाडी रिकामी होण्याआधी पावती हातात घ्या. बिल लावायच्या आठवड्यात पावत्या शोधत फिरलात तर मिळत नाहीत.

जीएसटीचा टीडीएस आपोआप वापरता येत नाही. कार्यालयाने त्यांचं रिटर्न भरल्यावर पोर्टलवर जाऊन तो स्वीकारावा लागतो, मगच तो रोख खात्यात दिसतो. दर महिन्याला बघा. कार्यालयाने चुकीचा जीएसटी क्रमांक टाकला असेल तर तेव्हाच दुरुस्त होतो. आणि मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं लिहायची सरकारी वही) नोंद होऊन बिल तपासलं जाण्याआधी टॅक्स इन्व्हॉइस काढण्याची घाई नको. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला कर भरावा लागतो, पैसे आले असोत वा नसोत. नेमकी तारीख सीएबरोबर ठरवा, कारण करारातली बिलाची अट त्यात धरली जाते.

तेरा आठवड्यांचा कागद

पैसा कधी येणार आणि कधी जाणार, याचा तक्ता करा: उभ्या रकान्यांत पुढचे १३ आठवडे, आडव्या ओळींत मजुरांची खर्ची (हातखर्चाला आठवड्याला द्यायचे पैसे), मुकादमाची उचल, सिमेंट, सळई, डिझेल, भाडं, हप्ता, जीएसटी. वरच्या ओळीत येणं. येण्यात बिल तेव्हाच लिहा, जेव्हा ते विभागीय कार्यालयात पास झालं असेल. ‘साहेब म्हणाले पुढच्या आठवड्यात’ ही तारीख नाही. मार्चअखेर निधी येतो तेव्हा एकदम येतो, आणि एप्रिल-मे कोरडे जातात. मार्चचा पैसा नव्या डंपरच्या डाउन पेमेंटला गेला, की मे महिन्यात खर्ची व्याजाने काढावी लागते.

एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिलेला खर्च आयकरात धरला जात नाही. मालवाहतूक गाडीवाल्यासाठी ही मर्यादा ३५,००० आहे. जुनी मशीन रोखीने घेतली तर ती रक्कम किमतीतही धरली जात नाही, म्हणजे घसाराही गेला. अशा मशीनचा मीटर बघण्याआधी बकेटच्या पिनांची ढिलाई हाताने हलवून बघा, आणि आरसी बुकावर आधीच्या फायनान्सचा बोजा उतरला आहे का ते तपासा.

अनामतीसाठी वेगळी वही ठेवा: काम, रक्कम, दोष दायित्व कालावधी (कामातले दोष आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत) संपण्याची तारीख. त्या तारखेच्या महिनाभर आधी साईटवर जाऊन भेगा आणि गळती दुरुस्त करून घ्या, फोटो काढा, आणि तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी अर्ज आवक नोंदवून द्या. नोंद क्रमांक त्याच वहीत लिहा.