रॉटनेस्टला क्वोका बघायला जाताय? मग या चुका टाळा

ऑस्ट्रेलियात पर्थला आमच्याकडे कोणीही पाहुणे आले, सासूसासरे असोत, माझे आईबाबा असोत की डोंबिवलीची मावशी, बॅगेतून लाडू-चिवडा बाहेर निघायच्या आधीच विचारतात, तो हसरा प्राणी बघायला कधी जायचं? तो हसरा प्राणी म्हणजे क्वोका. रॉजर फेडररने २०१७ च्या डिसेंबरमध्ये इथे येऊन क्वोकासोबत सेल्फी काढला तो फोटो जगभर फिरला, आणि आता पर्थला येणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या यादीत रॉटनेस्ट बेट असतंच. मी आतापर्यंत पाच-सहा वेळा तरी माणसं घेऊन गेलेय आणि दरवेळी त्याच त्याच चुका बघते, आपल्या लोकांच्याही आणि बोटीवरच्या बाकीच्यांच्याही. काही चुकांनी फक्त आपला दिवस वाया जातो, पण काहींनी त्या प्राण्याचं नुकसान होतं, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं म्हणून हे लिहितेय.

आधी थोडं त्या बेटाबद्दल, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळेल. रॉटनेस्ट जेमतेम ११ किलोमीटर लांब आणि रुंदीला सगळ्यात जास्त साडेचार किलोमीटर, पर्थजवळच्या फ्रीमँटल बंदराच्या किनाऱ्यापासून १८-१९ किलोमीटरवर. साधारण ७,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढली आणि हा तुकडा मुख्य जमिनीपासून तुटला, त्याच्यासोबत क्वोकाही इकडेच अडकले. १६९६ साली विलेम द व्लामिंग हा डच खलाशी इथे उतरला, त्याला वाटलं हे मोठाले उंदीर आहेत, म्हणून बेटाचं नाव पडलं उंदरांचं घरटं, तेच आजचं रॉटनेस्ट. उंदीर वगैरे नाही हो, हा कांगारूच्याच कुळातला आहे, मांजराएवढा, पोटाला पिशवी असलेला. मुख्य जमिनीवर १९३० च्या सुमारास कोल्हे पसरले आणि तिकडचे क्वोका झपाट्याने कमी झाले, आता नैऋत्येच्या जंगलात थोडेथोडे उरलेत. बेटावर कोल्हा नाही, कुत्रा-मांजर आणायला बंदी आहे, म्हणून इथे दहा-बारा हजार क्वोका निवांत राहतात आणि माणूस जवळ आला तरी पळत नाहीत. आपण इतके पैसे खर्चून जातो ते हा निर्धास्तपणा बघायला. आणि आपल्या हातून नेमका तोच बिघडतो.

खाऊ घालणं, सगळ्यात मोठी चूक

आपल्याकडे दारात आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत. गायीला घास, कावळ्याला घास, कबुतरांना दाणे, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं त्यामुळे आपल्या माणसांना ही गोष्ट पटवणं सगळ्यात अवघड जातं. आईला पहिल्यांदा नेलं तेव्हा आम्ही झाडाखाली बसून धपाटे आणि दही खात होतो, एक क्वोका टुणटुण उड्या मारत आला आणि आईच्या पायाशी येऊन थांबला, पुढचे दोन पाय छातीशी धरून, नाक सारखं हलतंय, तिच्या चपलेचा अंगठा हुंगतोय. आईने लगेच धपाट्याचा तुकडा मोडला. मी हात धरला तर म्हणाली, अगं बघतोय कसा, भूक लागली असेल बिचाऱ्याला.

भूक लागलेली नसते. तो रानातली पानं, गवत, कोवळ्या फांद्या खातो, त्यातूनच त्याला बरंचसं पाणीही मिळतं, आणि शेपटीत चरबी साठवून उन्हाळ्याचे कोरडे दिवस काढतो. पोळी, पाव, चिप्स, बिस्किट हे त्याच्या पोटाला झेपत नाही, आणि कांगारूच्या कुळातल्या प्राण्यांना अशा मऊ खाण्याने जबड्याचा वाईट रोग होतो, दाताच्या मुळाशी पू होऊन गाल सुजतो, मग त्याला धड चावताच येत नाही. पाणीही द्यायचं नाही. बाटलीच्या झाकणात पाणी ओतून पाजणारे खूप दिसतात, हेतू चांगलाच असतो, पण तेही नको. आणि हो, झाडाचं पान तोडून हातात धरून त्याला बोलावणं हेसुद्धा खाऊ घालणंच आहे, ते तर त्याचंच अन्न आहे ना असं म्हणून सूट मिळत नाही.

माणसाच्या हातून खायची सवय लागली की पुढे काय होतं ते मुंबईकरांना वेगळं सांगायला नको, घारापुरीच्या पायऱ्या चढताना माकडं हातातली बाटली आणि पिशवी कशी हिसकावतात ते आठवा. ती माकडं जन्मतः तशी नव्हती, आपणच दिलं म्हणून तशी झाली. हेच मी आईला सांगितलं, घारापुरीचं नाव काढल्यावर तिला पटलं, तिने डबा बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसली. क्वोका अजून दोन मिनिटं तिथेच होता, मग बाजूच्या झुडपातलं एक पान ओढून दोन्ही हातांत धरून कुरतडायला लागला, आईच्या अगदी हातभर अंतरावर. ती आजही फोनवर त्याचीच गोष्ट सांगते.

तर डबा नेताय तर जरूर न्या, बेटावर खाणं महाग आहे, पण उभ्याने किंवा टेबलावर खा, सांडलेलं उचला आणि झाकण लगेच लावा. बॅग उघडी ठेवून पोहायला गेलात तर क्वोका आत तोंड घालणार, आणि त्याच्या आधी सीगल आणि कावळे येणार.

हात लावणं, उचलणं, मागे धावणं

हात लावायचा नाही म्हणजे नाहीच, एका बोटानेही नाही. यासाठी ३०० डॉलर दंडाची पावती मिळू शकते आणि क्रूरपणा केला तर थेट कोर्ट, २०१५ मध्ये दोन परदेशी तरुणांनी एका क्वोकाच्या तोंडासमोर स्प्रे पेटवला तेव्हा प्रत्येकी ४,००० डॉलर दंड झाला होता. पण दंडाचं सोडा. क्वोका चावतो, आणि बहुतेक वेळा लहान मुलांच्या बोटांना, कारण मुलं बोट पुढे करतात आणि त्याला ते खाणं वाटतं. इथल्या बऱ्याच क्वोकांच्या पोटात साल्मोनेला हा जंतूही असतो, त्यांच्या लेंड्या सगळीकडे पडलेल्या असतात, रांगतं मूल असेल तर जमिनीवर मोकळं सोडू नका आणि खाण्याआधी सगळ्यांचे हात साबणाने धुवा.

मागे धावण्याचं तर अजून एक कारण आहे. मादीच्या पिशवीत पिल्लू असतं, जवळजवळ सहा महिने असतं, आणि ती खूप घाबरली की पिशवीचे स्नायू सैल पडून पिल्लू खाली पडू शकतं. ती पिल्लू फेकून पळते असं काहीतरी मिम्समध्ये फिरतं ते वाचून लोक हसतात, पण तुमच्या पोराने गंमत म्हणून झुडपापर्यंत पाठलाग केला तर त्याची किंमत एवढी असू शकते. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत पिशवीतून डोकावणारी पिल्लं खूप दिसतात, त्या दिवसांत तर मुलांना आधीच घरून समजावून न्या.

फोटो नीट येत नाही, कारण तुम्ही उभे आहात

आलेल्या प्रत्येकाची हीच तक्रार, क्वोका हसतच नाहीये. अहो तो कधीच हसत नसतो, त्याच्या तोंडाची ठेवण तशी आहे, आणि ती ठेवण फक्त खालून दिसते. वरून काढला तर पाठ आणि दोन कान येतात. म्हणून सरळ जमिनीवर आडवे व्हा, कपडे मळले तर मळू देत, फोन उलटा धरा म्हणजे कॅमेरा जमिनीला टेकेल, आणि हलू नका. दोन-तीन मिनिटं थांबायची तयारी ठेवा. त्याला फोनबद्दल फार उत्सुकता असते, तो स्वतःच येऊन लेन्स हुंगतो आणि तोच तुमचा फोटो. वेफर्सचं पाकीट चुरचुर वाजवून बोलावणारे लोक असतात, त्याने तो येतो खरा पण मग खाणं शोधत येतो, फोटो तसाच हपापलेला येतो आणि पुन्हा तीच सवय लागते. रात्री फ्लॅश तर अजिबात नको, तो निशाचर आहे, अंधाराला सरावलेले डोळे आहेत त्याचे.

वेळ चुकणं

क्वोका निशाचर आहे हेच बरेच जण विसरतात, सकाळी ११ ला बोटीतून उतरतात, उन्हात सायकल दामटवतात आणि दुपारी चारच्या बोटीने परत, मग म्हणतात दोन-तीनच दिसले, तेही झोपलेले. दिवसा ते झुडपाच्या सावलीत अंगाचं मुटकुळं करून पडलेले असतात. थॉमसन बे च्या वस्तीत, दुकानांच्या मागच्या झाडांखाली दिवसाही दिसतात हे खरं, पण खरी मजा ऊन कलल्यावर आहे. जमलं तर एक रात्र राहा, शाळेच्या सुट्टीत बुकिंग खूप आधी करावं लागतं, नाहीतर निदान परतीची शेवटची बोट घ्या. उन्हं उतरली की वस्तीतल्या हिरवळीवर एकामागून एक येऊन चरायला लागतात, आवाज काही नाही, फक्त गवत तुटल्याचा कुरकुर आवाज, तो ऐकायला मिळाला की बाकी काही नको वाटतं.

झोपलेला दिसला तर उठवू नका एवढं मात्र करा. टाळ्या वाजवणं, शुक्शुक करणं, पायाने झुडूप हलवणं, हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय. दुपारी दोनला त्याला उठवणं म्हणजे आपल्याला रात्री दोनला उठवण्यासारखं आहे.

वारा, सायकल आणि बोट

फ्रीमँटलहून बोटीला अर्धा तास, हिलरीजहून पाऊण तास, आणि पर्थच्या बॅरक स्ट्रीट जेट्टीवरून दीड तास लागतो कारण ती नदीतून सावकाश जाते. ज्यांना बोट लागते त्यांना फ्रीमँटलहूनच न्या. उन्हाळ्यात दुपारनंतर नैऋत्येकडून जोराचा वारा सुटतो, इथे त्याला फ्रीमँटल डॉक्टर म्हणतात, त्याने गार वाटतं पण परतीची बोट चांगली हलते, सासूबाईंना मी आता जाताना नाही तर येतानाच्या आधी अर्धा तास गोळी देते. हाच वारा सायकलवाल्यांनाही नडतो. बेटावर पर्यटकांच्या गाड्या नाहीत, सायकल किंवा बस. लोक सकाळी वस्तीत रेंगाळतात आणि दुपारी पश्चिम टोकाला निघतात, म्हणजे समोरून वारा आणि वर चढ. उलटं करा, सकाळी लवकर पश्चिमेला जा, तिकडे कॅथेड्रल रॉक्सपाशी सील पाण्यात पाठीवर पडून पाय वर करून तरंगताना दिसतात, आणि दुपारी वारा पाठीला घेऊन परत या. हेल्मेट सक्तीचं आहे, पाण्याच्या बाटल्या भरपूर. वयस्कर माणसं असतील तर सायकलचा हट्ट नको, बस सगळीकडे थांबते.

संध्याकाळी सायकल हळू चालवा, दिवा लावा, क्वोका रस्त्यात मधोमध बसलेले असतात आणि घंटी वाजवली तरी उठत नाहीत. वाट सोडून झुडपात शिरू नका, विशेषतः उन्हाळ्यात, इथे डुगाइट नावाचा विषारी साप आहे.

फक्त क्वोका बघून परत येणं

ही चूक मी स्वतः पहिल्या तीन वेळा केली. इथल्या मूळ रहिवासी नूंगार लोकांनी या बेटाला दिलेलं नाव वाजेमप. १८३८ पासून पुढे जवळजवळ शंभर वर्षं इथे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांना कैदेत ठेवत होते, सुमारे ३,७०० पुरुष आणि मुलं, त्यातले किमान ३७३ इथेच मेले आणि वस्तीच्या अगदी जवळ त्यांची दफनभूमी आहे. आपण सेल्युलर जेल बघायला अंदमानला जातो तेव्हा आवाज आपोआप खाली येतो, बाबांचा इथेही तसाच आला, ते फलक वाचत बराच वेळ उभे राहिले. तिथे ग्रुप फोटो, रील वगैरे नको. संग्रहालयासाठी अर्धा तास काढून ठेवा.

पिल्लू एकटं दिसलं किंवा क्वोका जखमी दिसला तर

उचलू नका, टॉवेलमध्ये गुंडाळू नका, पाणी पाजू नका. आधी दहा-पंधरा पावलं मागे या, तुम्ही जवळ आहात म्हणूनच कदाचित आई झुडपातून बाहेर येत नसेल. थोडा वेळ लांबून बघा. तरी कोणी आलं नाही, किंवा रक्त दिसतंय, लंगडतोय, गाल सुजलाय, तर जागा नीट लक्षात ठेवा, जवळची खूण, बस स्टॉपचा नंबर काहीही, आणि रेंजरना कळवा. बोटीतून उतरल्या उतरल्या जेट्टीच्या टोकाला व्हिजिटर सेंटर आहे, तिथून त्यांचा फोन नंबर आधीच मोबाइलमध्ये सेव्ह करून घ्या, कारण पश्चिमेकडे गेल्यावर रेंज मिळेलच असं नाही.