क्यूब कोणत्या वारी ओतायचे?

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाच्या काँक्रीट प्रोजेक्टमध्ये क्यूब, म्हणजे साच्यात ओतलेले काँक्रीटचे ठोकळे, ७व्या आणि २८व्या दिवशी मशीनमध्ये दाबून ताकद तपासतात. यात हमखास होणारा घोळ म्हणजे २८व्या दिवशी लॅबला सुट्टी. मग चाचणी ३०व्या दिवशी होते आणि आकड्यांची तुलनाच बिघडते.

७ आणि २८ दोन्ही पूर्ण आठवडे आहेत, म्हणून दोन्ही चाचण्या ओतल्याच्याच वारी येतात.

१. सोमवार ते गुरुवारच ओता. साचे २४ तासांनी उघडायचे असतात. शनिवारी ओतलं तर रविवारी कोण उघडणार?
२. ओतण्याआधी १ला, ७वा आणि २८वा दिवस कॅलेंडरवर तपासा. दिवाळीच्या आसपास तर नक्कीच.
३. प्रत्येक मिश्रणाचे १५० मिमीचे ६ क्यूब: ३ सात दिवसांसाठी, ३ अठ्ठावीस दिवसांसाठी. १० टक्के वाया धरून सुमारे ०.०२२ घनमीटर काँक्रीट लागतं.
४. साचे सहाच असतील तर दिवसाला एकच मिश्रण. चार मिश्रणांना सोमवार ते गुरुवार पुरतात.
५. क्यूबवर मिश्रण आणि तारीख ऑइल पेंटने लिहा. साच्यातून काढलेले क्यूब चाचणीपर्यंत पाण्याच्या टाकीत असतात, तिथे खडूचं लिखाण धुऊन जातं.

टाकीतून काढलेला क्यूब वरचं पाणी पुसून ओलाच दाबा. वाळलेला क्यूब जास्त ताकद दाखवतो. ओतताना वर असलेली बाजू मशीनच्या प्लेटखाली येऊ देऊ नका.