ई-इंक फोन वापरताना या चुका टाळा

ई-इंक, म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदा असलेला फोन घेतला की आठवडाभर चार्जर लागणार नाही, ही सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. या पडद्यातील सूक्ष्म कुप्यांमध्ये विद्युतभारित काळे-पांढरे कण असतात. ते हलवायला वीज लागते, उमटलेले चित्र टिकवायला लागत नाही. त्यामुळे पुस्तकाचे एकच पान बराच वेळ समोर राहिले तर पडदा जवळजवळ काहीच वीज घेत नाही. बोटाने सरकवत राहिलेल्या बातम्या मात्र त्याला सतत राबवतात. नेटवर्क आणि प्रोसेसर यांचा खर्च कोणत्याही फोनसारखाच होतो, आणि पडद्यावरचा दिवा लावला तर त्याचाही खर्च असतोच. माझ्या एका सहकाऱ्याने असा फोन 'बॅटरीच खराब आहे' म्हणून परत पाठवायला काढला होता. उघडून पाहिले तर भर दुपारी खिडकीशेजारी दिवा पूर्ण उजेडावर, प्रत्येक अ‍ॅपला वेगवान रिफ्रेश (पडदा भराभर बदलणारा मोड), आणि व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप सारखा पडदा जागा करत होते. मी दिवा मालवला, ग्रुप म्यूट केले, वाचनाच्या अ‍ॅपला स्पष्ट मोड लावून दिला; फोन आजही त्याच्याकडेच आहे.

वेगवान मोडचा मोह नवख्यांना फार असतो. त्यात करड्या छटा कमी होतात आणि मागच्या पानाची पुसट सावली उरते. मग पडद्याला दोष दिला जातो. मी हा मोड फक्त नकाशापुरता ठेवतो आणि सावली दिसताच पूर्ण रिफ्रेश करतो, म्हणजे सगळा पडदा पुसून नव्याने उमटवतो. पडदा क्षणभर लुकलुकतो, तेवढा धीर धरावा.

परदेशातून फोन मागवण्याआधी नेटवर्क बँड (फोन पकडू शकतो त्या रेडिओ लहरींचे पट्टे) आणि व्हीओएलटीई (फोरजी नेटवर्कवरून कॉल करण्याची सोय) न तपासणे ही अक्षम्य घाई आहे. जिओचे टूजी किंवा थ्रीजी नेटवर्कच नाही, त्यामुळे व्हीओएलटीई न चालणाऱ्या फोनवरून जिओचा साधा कॉलही लागत नाही. २०१९ सालचा हायसेन्स ए५ मुळात चीनच्या बाजारासाठी होता आणि त्यात गूगल प्ले सेवा नव्हत्या. अशा फोनमध्ये कुठून तरी मिळवलेले फर्मवेअर (फोन चालवणारे मूळ सॉफ्टवेअर) भरून बँकेचे अ‍ॅप चालवण्याचा आडमार्ग मला मुळीच मान्य नाही. २०२३ सालचा बूक्स पाल्मा तर दिसतो फोनसारखा, पण त्यात सिमची सोयच नाही.

रंगीत पडद्याकडून छायाचित्रांची अपेक्षा ठेवू नये: कॅलिडो ३ या रंगीत ई-इंक पडद्यामध्ये काळा-पांढरा मजकूर इंचाला ३०० पिक्सेलने उमटतो, तर रंग १५० पिक्सेलने, आणि रंगाच्या गाळणीमुळे पांढरी पार्श्वभूमी काळपट दिसते. व्हिडिओसाठी दुसरा फोन वापरावा. या बहुतेक पडद्यांच्या आत पातळ काच असते, म्हणून फोन मागच्या खिशात ठेवून बसू नये.